१९६९ ची कॉम्बी कॅम्पर: पुढचे ड्रम काढून डिस्क बसवावेत का?

कॉम्बीवाला_अनगोळ

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन टाइप २, वेस्टफालिया कॅम्पर. चासी नंबर २३९ ने सुरू होतो. २३ म्हणजे कॉम्बी आणि ९ म्हणजे १९६९ चं मॉडेल. युरोपातनं रस्त्यानं गोव्याला आलेल्या गाड्यांपैकी ही एक. तिथंच राहिली, हात बदलत बदलत आता अनगोळात आमच्या दारात उभी आहे. इंजिन १६०० चं, हवेवर थंड होणारं, त्याची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या ब्रेकची. आंबोली उतरताना दाणोली येईपर्यंत पेडल खाली खाली जातं, आणि पाऊस लागला की गाडी डावीकडं ओढते. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढं डिस्क बसवायचं मनात पक्कं होत आलंय. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात कुणी केलंय का? नुसतं पुढचं बदलून भागतं की अजून काय काय निघतं? ब्रेकचं काम झाल्याशिवाय घाटात पाऊल ठेवणार नाही असं घरातून जाहीर झालंय, तेव्हा लवकर सांगा.

निपाणी_डिझेल

तवंदी घाट चौपदरी व्हायच्या आधीपासनं ट्रक चालवलोय. तवा डिस्क कुठं हुते? सगळं ड्रमच की. ज्या गेरात चढायचं त्याच गेरात उतरायचं, एवढंच वस्तादानं शिकवलं. तुमी उतारावर पेडलावर पाय ठिऊनच बसताय काय ते बघा आधी. पैसं मागनं घाला.

कोल्हापुरी_कार्ब

मामा, ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतोय, एअर ब्रेक असतोय. ह्या डबड्याला काय हाय? डिस्क घाल भावा, विषय संपला.

फिजिक्सच्या_बाई

विषय एवढ्यात संपत नाही. थोडं गणित करूया.

गाडी, पाणी, गॅस, भांडीकुंडी आणि माणसं धरून वजन २००० किलो धरा. घाटात ६०० मीटर खाली उतरलात तर २००० × ९.८१ × ६००, म्हणजे जवळजवळ ११.८ मेगाज्यूल ऊर्जा कुठंतरी घालवावी लागते. विजेच्या मीटरवर सव्वातीन युनिटं. सपाटीवर ताशी ६० किमीवरून गाडी पूर्ण थांबवली तर एका वेळेला ०.२८ मेगाज्यूलच जाते. म्हणजे ब्रेकच्या दृष्टीनं एक घाट उतरणं आणि ६० वरून ४२ वेळा गाडी थांबवणं सारखंच. फक्त घाटात मध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही. इंजिन आणि हवेचा विरोध यातला जितका वाटा उचलतील तितका ब्रेकचा कमी होतो. निपाणीचे मामा सांगतात ते याच हिशेबात बसतं. कोल्हापूरकरही चूक नाहीत, कारण डिस्क उघड्यावर असते, तिची उष्णता लवकर जाते. ड्रमची आतल्या आत कोंडते.

पण कॉम्बीवाले, तुम्ही लिहिलंय की पेडल ‘खाली जातं’. खाली जाऊन घट्ट लागतं, की स्पंजासारखं दबतं, की घट्ट असूनही गाडी थांबत नाही? हे तीन वेगवेगळे रोग आहेत.

कॉम्बीवाला_अनगोळ

बाई, नीट आठवून सांगतो. खाली जातं आणि मग दबतं. दोन-तीनदा पंप मारला की वर येतं.

उद्यमबाग_लेथ

मग त्यात दोन्ही आलं. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या शूपासून लांब जातो, पेडलाचा प्रवास वाढतो. डिस्क तापली तर जाड होऊन तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडकडंच येते, त्यामुळं तिथं हा त्रास नाही. आणि दबतं म्हणजे तेलात वाफ नाहीतर हवा. शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललेलं? डॉट ३ दर्जाचं तेल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० वर येतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे तेल डब्यात असलं तरी पाणी ओढतं, झाकण उघडं टाकलेला अर्धा डबा कधी वापरू नका.

आता तुमच्या गाडीचं खास. पुढच्या एकेका ड्रममध्ये तेलाच्या दाबानं शू ढकलणारे दोन-दोन व्हील सिलिंडर असतात, प्रत्येक शूला आपापला. पुढं जाताना दोन्ही शू फिरत्या ड्रमबरोबर आत ओढले जातात आणि आपणहून जास्त दाब घेतात. त्यामुळं पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही एवढी गाडी थांबते. जर्मन माणसानं विचार करून दिलेलं आहे, टाकाऊ समजू नका. तोटा दोन ठिकाणी. रिव्हर्सला हेच उलटं होतं, ब्रेक निम्म्यावर येतो. चढावर गाडी मागं सरकली तर हँडब्रेकच ओढा. आणि चारातला एक सिलिंडर जरी अडकला तरी गाडी ओढायला लागते. डावीकडं ओढते म्हणजे उजवी बाजू काम करत नाही. डाव्या चाकाला दोष देत बसू नका.

चंदगड_चहा

एवढं सगळं वाचून मी माझ्या स्प्लेंडरचा ब्रेक दाबून बघितला.

घाटमाथा

माझं मत डिस्कच्या बाजूनं, आणि कारण घाट नाही, पाणी आहे. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यानं जुलैत एकदा जाऊन बघा. ड्रममध्ये पाणी शिरलं की सुकेपर्यंत पहिले एक-दोन ब्रेक देवाच्या भरवशावर, आणि दोन्ही बाजू एकदम सुकत नाहीत. डिस्कवरचं पाणी चाक फिरताना उडतं, उरलेलं पॅड पुसून काढतो. इथं चार महिने पाऊस असतो. हा मुद्दा परदेशातल्या कोरड्या हवेतले लोक सांगणार नाहीत.

फोक्सवॅगननं स्वतःच ऑगस्ट १९७० पासून, म्हणजे १९७१ च्या मॉडेलपासून, ह्याच गाडीला पुढं डिस्क दिल्या. तेव्हा हा काही गाडीचा अपमान नव्हे.

उद्यमबाग_लेथ

बरोबर, पण त्याच वेळी त्यांनी चाकाच्या बोल्टांचं वर्तुळही बदललं. आधी पाच बोल्ट २०५ मिलिमीटरवर, नंतर ११२ वर. म्हणजे १९७१ चं सामान पुढं चढवलं की पुढच्या आणि मागच्या रिमा एकमेकांना बसणार नाहीत. स्टेपनी दोन ठेवाव्या लागतील.

चंदगड_चहा

पुढं एक माप, मागं दुसरं. गाडीतच सीमाभाग झाला की हो!

कोल्हापुरी_कार्ब

खटला कोर्टात न्या 😄 बरं, त्यापेक्षा सोपं सांगतो. भंगारातनं ओम्नीची डिस्क, पॅड दाबणारा कॅलिपर काढ, शिरोलीत कुणाकडनं तरी पट्टी कापून घे, वेल्ड मार. एका दिवसात काम.

उद्यमबाग_लेथ

अजिबात नको. ओम्नी रिकामी ८०० किलोच्या आतली गाडी. तिची डिस्क आणि तिचा कॅलिपर दोन टनाला जुंपणार? बोलेरोचं माप तरी जवळ येतं, पण मुद्दा मापाचाही नाही. कॅलिपरचा सगळा जोर ब्रॅकेटवर येतो, आणि स्टिअरिंगच्या नकलवर, म्हणजे चाक धरून वळवणाऱ्या भागावर, वेल्ड मारणं म्हणजे फोर्जिंगची जात बिघडवणं. तडा बाहेरून दिसत नाही, जातो तेव्हा एकदम जातो. मी स्वतः लेथवर बसणारा माणूस, असलं काम आलं तर परत पाठवतो. ब्रॅकेट हवंच असेल तर अख्ख्या प्लेटमधून मशिनिंग करून, मूळच्या बोल्टभोकांवर, १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी. आणि डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्यावर आहे का ते डायल लावून बघायचं. हे सगळं धरलं तर तयार किट स्वस्त पडतं.

२०५ च्याच वर्तुळाचे, मूळ रिमा राहतील असे किट युरोपात ह्या मॉडेलसाठी मिळतात. भाडं आणि कस्टम धरून मगच हिशेब करा.

फिजिक्सच्या_बाई

किट मागवायच्या आधी आहे ते उघडून बघा, ही माझी विनंती. बिघडलेल्या ड्रमची चांगल्या डिस्कशी तुलना करून काही कळत नाही.

कॉम्बीवाला_अनगोळ

बाईंचं ऐकलं. उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींकडं गाडी लावून चारी ड्रम उतरवले. सापडलं ते असं:

उजवीकडचा खालचा सिलिंडर पूर्ण जाम, पिस्टन गंजून चिकटलेला. त्याच बाजूचा रबरी होज बाहेरून ठीक, कापून बघितला तर आतून फुगून भोक टाचणीएवढं. शूचं लायनर संपलं नव्हतं पण एका कडेनं चकचकीत काच झालेलं. ब्रेक ऑइलचा रंग चहासारखा. आधीच्या कुणीतरी चालीसाठीचे, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर बसवायचे, दोन स्टार एका चाकावर पूर्ण सैल सोडलेले.

व्हील सिलिंडर नवे, होज चारी नवे, लायनर इथंच नवं लावून घेतलं, ड्रम लेथला लावून गोल करून घेतले, कडेला लिहिलेल्या मर्यादेच्या आत बसले. तेल डॉट ४.

फरक? गाडी सरळ थांबते. पेडल वर. ते बघून घरातले घाटाला तयार झाले, चोर्ल्यानं साखळीपर्यंत उतरून आलो. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये. पेडल थोडं लांबलं, दबलं नाही.

निपाणी_डिझेल

सांगितलं नव्हतं?

आरटीओ_फेरी

ड्रम साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारली नसेल अशी आशा. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आपल्या गॅरेजांत पोरं तोंडाला रुमाल न बांधता फुंकत बसतात, बघवत नाही.

आता कागदांचं, कारण डिस्कचा विषय निघालाच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवून दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. आरसीत ब्रेकचा रकाना नसतो. तरी बिलं, किटचं प्रमाणपत्र, फोटो जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाला तर सर्व्हेअर पहिला तिथंच बोट ठेवणार.

दुसरं. २०२१ च्या जुलैत केंद्रानं ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आणले. राज्याच्या अक्षरांपुढं ‘व्हीए’ असलेला नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढं नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. ब्रेकचं नाव त्यात नाही. पण ती नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. तुम्हाला कॅम्पिंग करायचंय, तेव्हा नेहमीची नोंदणी आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण हाच रस्ता. गोव्याहून कर्नाटकात आणताना एनओसी आणि इथला टॅक्स झाला असेलच.

आणि स्टिअरिंग डावीकडं असेल तर कलम १२० वाचून ठेवा. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं इशारा देणारं साधन लागतं. इंडिकेटर एकदम ठणठणीत हवेत.

कॉम्बीवाला_अनगोळ

डावीकडंच आहे. घाटात ओव्हरटेक करायला शेजारी बसलेल्याचे डोळे वापरतो. एनओसी, टॅक्स झालंय, केए-२२ आहे आता.

ड्रम चांगले झालेत हे मान्य. पण घाटमाथांचा पाण्याचा मुद्दा डोक्यातून जात नाही. चोर्ल्याला परवा सर आली, पहिला ब्रेक लागायच्या आधी अर्धा सेकंद काहीच झालं नाही. समोर केटीसीची, म्हणजे गोव्याच्या कदंबाची, बस होती. किट मागवतोय. पेडलाचा जोर तेलाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं काय करू ते सांगा.

उद्यमबाग_लेथ

मास्टर बदलायचा. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व असतो, व्हील सिलिंडरच्या सीलला तो लागतो. डिस्कला तोच दाब राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, तापतात, शेवटी चाक धरतं. मागं ड्रम राहणार आहेत, तेव्हा मागच्या लाइनीत तो हवा, पुढच्यात नको. शिवाय कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेल जास्त लागतं. जुन्यानं पेडल जमिनीला टेकेल. पुढं डिस्क-मागं ड्रमसाठीचाच मास्टर घ्या, किटवाला कोणता सांगतो तो.

आणखी एक. डिस्कला ड्रमसारखी आपणहून दाब घ्यायची खोड नाही. जेवढा पाय, तेवढाच ब्रेक. बूस्टर नसेल तर पेडल जड लागेल. पेट्रोल इंजिन असल्यानं बूस्टर चालवायला मॅनिफोल्डला व्हॅक्यूम आहे, पण इंजिन मागं आणि पेडल पुढं! अख्ख्या गाडीच्या पोटाखालून पाइप आणावा लागेल, मध्ये एकतर्फी व्हॉल्व. पाइप घट्ट क्लॅम्प करा, आमच्या खानापूर रस्त्यावरचे खड्डे सगळं सैल करतात. आधी बूस्टरशिवाय चालवून बघा, पाय किती लागतो ते ठरवा.

घाटमाथा

डाव्या पुढच्या चाकाच्या हबमधून स्पीडोमीटरची केबल जाते. किटच्या हबला केबलच्या चौकोनी टोकासाठी भोक असलेली टोपी डाव्या बाजूची आहे ना, ते खोका उघडल्यावर पहिलं बघा. नाहीतर ब्रेक मिळेल आणि काटा जाईल.

कॉम्बीवाला_अनगोळ

किट आलं. कस्टमनं चांगलाच हात मारला, आकडा लिहीत नाही, इथं घरचेही वाचतात.

डाव्या टोपीला भोक आहे. नकल मूळचंच राहिलं, ब्रॅकेट जुन्या बॅकप्लेटच्या बोल्टांवर बसलं. आमचे मेस्त्री कानडीत शिव्या देत मराठीत कौतुक करत होते, म्हणजे काम चांगलं चाललं होतं. रिम आणि कॅलिपरमध्ये बोट जात नाही पण प्लॅस्टिसिनची गोळी चिकटवून चाक फिरवलं, चारी बाजूंनी मोकळं आहे. जुन्या रिमांवर बसवलेली शिसाची वजनं आतल्या कडेला होती ती लागत होती. ती काढून बाहेरच्या कडेला बॅलन्सिंग करून घेतलं.

हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. तेवढ्यात एकदा मास्टरच्या डब्यातलं तेल तळाला गेलं आणि सगळं पहिल्यापासून. मदतीला पुतण्या होता, “सोड, दाब, सोड” करून त्याचा पाय भरून आला.

फिजिक्सच्या_बाई

नवे पॅड बसवलेत, लगेच घाट नको. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोरानं वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं चालवून थंड करायचं, परत तेच. पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसला पाहिजे. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून उभं राहिलात तर तिथंच ठसा उमटतो आणि पुढं पेडल थरथरतं.

कॉम्बीवाला_अनगोळ

काकतीच्या पुढं पहाटे जाऊन तसंच केलं. पहिल्या काही वेळा वास आला, नंतर गेला.

आता निकाल. कोरड्या रस्त्यावर, खरं सांगायचं तर, नीट केलेल्या ड्रमपेक्षा थांबण्यात मोठा फरक मला जाणवला नाही. पाय जास्त लागतो, उद्यमबागवाल्यांनी सांगितलं तसाच. फरक पडला तो आंबोलीत. धुकं, सलग पाऊस, ‘पूर्वीचा वस’ या घाटातल्या ठिकाणापर्यंतच्या वळणांवर पहिलाच ब्रेक लागला, सरळ लागला, आणि दाणोलीत पेडल होतं तिथंच होतं. गियर मात्र दुसराच. मामांचा नियम मोडलेला नाही.

बूस्टर घ्यायचा का? मला चालतंय, पण घरात दुसरं माणूस गाडी चालवतं आणि तिला पेडल जड वाटतं. त्यामुळं पाइप ओढणार आहे, गणपतीनंतर.

कोल्हापुरी_कार्ब

म्हणजे शेवटी डिस्कच घातल्या. मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?

उद्यमबाग_लेथ

तू ओम्नीच्या सांगितल्या होत्यास.

आरटीओ_फेरी

मागच्या ड्रमची चाल आता दर काही महिन्यांनी बघत जा. पुढचं चांगलं झालं की मागच्याकडं कुणी बघत नाही, आणि हँडब्रेक तिथंच आहे. ओल्या रस्त्यावर जोरात दाबून मागची चाकं आधी घसटतात का तेही एखाद्या रिकाम्या मैदानात तपासा. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते.

कॉम्बीवाला_अनगोळ

तपासलं, पुढची आधी धरतात. रिकाम्या गाडीत आणि सामान भरून, दोन्ही.

घाटमाथा

काढलेले पुढचे ड्रम, शू आणि नवे सिलिंडर विकणार का? गोव्यात माझ्या ओळखीत एक ६८ ची उभी आहे, मालक सिलिंडर शोधून दमलाय.

कॉम्बीवाला_अनगोळ

ड्रम नाही विकणार, किटचं सामान पुढं मिळालं नाही तर परत चढवायला ठेवतोय. जुने शू आणि स्टार घेऊन जा म्हणावं, तसेच देतो. येताना साखळीच्या बाजूनं नारळ आणायला सांगा.

निपाणी_डिझेल

नारळ दोन. एक गाडीला.